धुरळ्याचे त्रेसष्ट फॉल्ट

धुरळ्यानं मगदूम सरांच्या नावावर तंगडी वर केली, तेव्हा मगदूम सर स्वतः माझ्या खुर्चीमागं उभे होते.

"हे काय आहे?" सरांनी विचारलं.

"फॉल्ट नंबर त्रेसष्ट, सर," मी म्हणाले. "आत्ताच लिहून घेते."

पडद्यावर खेळ संपला होता आणि तो करणाऱ्यांची नावं खालून वर सरकत होती. सगळ्यात मोठं नाव सरांचं, तेही साध्या अक्षरांत नाही, दगडी पाटीवर कोरल्यासारखं: निर्माता, अभिनंदन मगदूम. धुरळ्या डावीकडून दुडक्या चालीनं आला, पाटी हुंगली, एकदा मान वळवून आमच्याकडं बघितलं आणि निवांत मोकळा झाला. भुताचं कुत्रं असल्यामुळं धार हिरवी होती आणि चमकत होती.

"माझी मुलगी हे बघणार," सर म्हणाले. "सासरे बघणार."

"म्हणूनच लिहितेय, सर."

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. कोल्हापुरात उद्यमनगरात खाली लेथ मशीन चालायची आणि वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. आम्ही कॉम्प्युटरवरचे खेळ करायचो. 'वेशीबाहेर' नावाच्या खेळाचे दोन भाग बाजारात गेले होते, हा तिसरा. यात खेळणारा माणूस म्हणजे गावचा जागल्या. कंदील घेऊन वेशीबाहेर जायचं, भटकणारी भुतं हुडकायची आणि एकेकाला त्याच्या त्याच्या जागी पोचवून यायचं. सोबतीला धुरळ्या. हे गावातलंच एक मेलेलं कुत्रं, अंगाचा निम्मा धूर, एक कान उभा आणि एक पडलेला. सोबती म्हणून दिलंय खरं, पण असला सोबती वैऱ्याला नको. हाक मारली की पळून जातं. आपण भुतापासून लपून बसलो की शेजारी येऊन भुंकतं. उताऱ्यावरचं अंडं खातं आणि ढेकर देतं. एकदा हडळ माझ्यापासून दोन हातांवर आलेली, आणि हा पठ्ठ्या माझा कंदील तोंडात धरून विहिरीच्या काठावर नाचत होता.

माझं काम म्हणजे दिवसभर खेळायचं आणि काय चुकलंय ते लिहायचं. ऑफिसात त्याला बग म्हणायचे. मी इचलकरंजीची, आमच्याकडं कापडात असतो तो फॉल्ट, म्हणून मी फॉल्टच म्हणायचे. माझी आई बावीस वर्षं कापड तपासायच्या टेबलावर बसली. काचेखाली ट्यूबलाइट, वरून कापड सरकतंय आणि आई खडूनं खुणा करतेय, इथं धागा तुटलाय, इथं तेलाचा डाग पडलाय. कॉलेज करता करता मीही चार वर्षं तिच्या शेजारी बसले. आम्हा मायलेकींच्या नजरेतून फॉल्ट सुटला असं कुणी म्हणून दाखवावं! मुलाखतीला गेले तेव्हा मगदूम सरांना मी हेच सांगितलं आणि त्यांच्या बाहीचा सुटलेला दोरा दाखवला. त्यांनी जागच्या जागी घेतलं, सहा महिन्यांच्या बोलीवर. सहा महिने नीट गेले तर कायम.

सरांचे दोन नियम होते. पहिला, तपासणारीनं खेळाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांशी कामाचं एक अक्षर बोलायचं नाही, आधीचे भागही बघायचे नाहीत. कोऱ्या मनानं खेळायचं. हा नियम मला फार पटला, कारण टेबलावरही विणकराला तपासणाऱ्याजवळ बसू देत नाहीत, चहा पाजून फॉल्ट मिटवून घेतात. दुसरा नियम खोट्या फॉल्टचा. लिहिणाऱ्यानं जे मुद्दाम केलंय, तेच आपण फॉल्ट म्हणून लिहिलं तर तो खोटा. लिहिणाऱ्यानं तसं सांगितलं की आपल्या नावापुढं फुली. तीन फुल्या पडल्या की घरी. हेही मला पटलं. टेबलावर खोटी खूण झाली की विणकराची मजुरी कापली जाते, आणि तो बिचारा कुणाला जाऊन सांगणार?

पाच महिन्यांत माझ्या नावापुढं एकही फुली नव्हती. कुत्र्याचेच त्रेसष्ट फॉल्ट, आणि सगळे खरे. मी काय तोऱ्यात वावरत होते म्हणून सांगू!

धुरळ्याचा प्रोग्रॅम लिहिणारा होता बसगोंडा बिरनाळे. शिरोळकडचा, उंच, खांदे पाडून चालणारा, बोलायला पैसे पडतात असं वागणारा. त्या सोमवारी, त्रेसष्टाव्या फॉल्टनंतर लगेच, सरांनी त्याला माझ्यासमोरच बोलावलं.

"बसगोंडा, एकट्या कुत्र्यात त्रेसष्ट फॉल्ट?"

"असतील की सर."

"असतील म्हणजे?"

"तिनं लिहिलेत म्हणजे असतील."

"शुक्रवारी पाच वाजता खेळ हैदराबादला गेला पाहिजे," सर म्हणाले. हैदराबादची एक मोठी कंपनी आमचा खेळ देशभर विकणार होती, पाच भाषांत. त्यांची अट एकच, एकही फॉल्ट शिल्लक नाही अशी तपासणारीच्या सहीची पानभर हमी. "बुधवारपर्यंत हे कुत्रं माणसात आण. लोकांना त्याचे कान आवडतात, ते ठेव. बाकी सगळं नीट कर."

बसगोंडानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं ते थेट, विणकराकडं बघावं तसं.

"करतो नीट," तो म्हणाला आणि गेला.

त्यानं खरंच केलं. दोन दिवस तो जागचा हलला नाही. एकेक दुरुस्ती माझ्याकडं यायची, मी खेळून बघायचे आणि पुढं 'मान्य' अशी खूण करायचे. त्या खुणेशिवाय दुरुस्ती खेळात जात नसे. बुधवारी संध्याकाळी त्रेसष्टाव्या दुरुस्तीपुढं मी 'मान्य' केलं. धुरळ्या ये म्हटलं की यायचा, बस म्हटलं की बसायचा, भूत दिसलं की शेपूट पोटात घालून माझ्या मागं उभा राहायचा. सरांच्या नावाकडं तर त्यानं ढुंकूनही बघितलं नाही. मी कर्मचाऱ्यांच्या वहीत माझ्या नावापुढं 'कायम' लिहिलेलं कसं दिसेल, याचा विचार करत घरी गेले.

गुरुवारी चाचणी होती. खेळ बाहेर जायच्या आधी गावातली वीस माणसं बोलवायची, त्यांना नाश्ता द्यायचा आणि दिवसभर खेळू द्यायचं, अशी आमच्याकडं पद्धत होती. तालमीतली पोरं यायची, दोन-चार बायका यायच्या, आणि पोवार मामा. मामा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. दोन महिन्यांपूर्वी अर्ध्या तयार खेळाची चाचणी झाली, तेव्हा ते सकाळी दहाला बसले ते चार वाजता उठले. त्या सहा तासांत त्यांनी धुरळ्याला ज्या शिव्या घातल्या, त्या इथं लिहिता येत नाहीत. आख्खी खोली तशीच. कुणी खुर्चीवर हात आपटतंय, कुणी "आयला ह्या कुत्र्याच्या" म्हणतंय. मी वही घेऊन मागं उभी होते आणि शिवी ऐकू आली की बघत होते कशावरून दिली. नुसत्या मामांच्या शिव्यांवरून मी अकरा फॉल्ट लिहिले होते.

या गुरुवारी वही कोरी राहिली. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. वीस माणसं वीस पडद्यांसमोर नीट बसून नीट खेळत होती. खालच्या लेथचा आवाज वर स्पष्ट ऐकू येत होता. सर दारातून डोकावले आणि मला अंगठा दाखवून गेले.

मला मात्र कसंतरी व्हायला लागलं. टेबलावर एक रीत होती. ज्या ताग्यात एकही फॉल्ट सापडला नाही, तो तागा बाजूला काढून दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून उघडायचा. कारण एक तर तपासणाऱ्याला डुलकी लागली, नाहीतर कुणीतरी तागाच बदलला. आई तर असा तागा आला की चहासुद्धा घ्यायची नाही.

तेवढ्यात पोवार मामा उठले. पुरते दोन तासही झाले नव्हते.

"मामा, उठलात?"

"व्हय. दळण आणायचं राहिलंय."

"खेळात काही चुकलं का?"

"न्हाई बा. एक नंबर हाय. कुत्रं बी लई गुणाचं."

"मागच्या वेळी तुम्ही सहा तास जागचे हलला नव्हता."

"मागच्या येळी ते भाडखाऊ व्हतं न्हवं!"

"कोण भाडखाऊ?"

"कुत्रं, पोरी, कुत्रं! ते गेलं व्हय? आन हे त्याच्या जागी आणलंय, ते आपलं नव्या जावयासारखं बसलंय. हालंना का डुलंना."

"हाच तो मामा, धुरळ्या. नीट केलाय त्याला. तुम्हीच एवढ्या तक्रारी केल्या होत्या."

"मी? कवा?"

"शिव्या घालत होता की दिवसभर. अकरा तक्रारी लिहून घेतल्यात मी तुमच्या."

मामांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू मी खोटी नोट पुढं केली होती.

"आगं बया," ते म्हणाले. "शिवी म्हंजे तक्रार व्हय? बत्तीस वर्सं एसटीत काढली मी. आवडत्या पॅसेंजरलाच शिव्या घातल्या, बाकीच्यांना नुसती तिकिटं दिली. घरी गेलो की मंडळी माझ्यावर वरडायची, मी तिच्यावर. आता तीन वर्सं झाली तिला जाऊन. कुणावर वरडू? भिताडावर? त्या दिशी त्या कुत्र्यानं कंदील पळवला आन तोंडातनं आपसूक निघालं, थांब भाड्या म्हणून. चार वाजेपर्यंत वरडत व्हतो. घसा बसला माझा. घरी जाऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या."

"मग हे त्या दिवशीच का नाही सांगितलं?"

"तू इचारलंस का?" मामा म्हणाले. "तू नुसती लिवत व्हतीस."

त्यांनी टोपी घातली आणि दळण आणायला गेले. मी तिथंच उभी. तागा बदलला होता, आणि बदलणारी मीच होते.

बसगोंडा मागच्या जिन्यात डबा खात बसला होता. मी आजवर त्याच्याशी कामाचं बोलले नव्हते. थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"धुरळ्या मुद्दाम तसा केला होतास?"

त्यानं वर सरांच्या दाराकडं बघितलं. "नियम हाय."

"खड्ड्यात गेला नियम. त्रेसष्टमधले किती मुद्दाम होते?"

"एकसष्ट."

"आणि दोन?"

"दोन आपोआप झाले. चांगले दिसले म्हणून राहू दिले."

"सरांच्या नावावरचं?"

"त्याला चार दिवस लागले," बसगोंडा म्हणाला. "धार नीट पडत नव्हती."

मला हसू यायला पाहिजे होतं. आला तो राग. "मग तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस? पहिल्याच फॉल्टला सांगायचं, की हे मुद्दाम केलंय म्हणून!"

"सांगितलं असतं तर तुझ्या नावापुढं फुली."

"मग पडू द्यायची!"

"तीन पडल्या की घरी. पहिल्या सोमवारी दुपारपर्यंतच तुझे पाच झाले होते." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "इचलकरंजीहून पहाटेच्या गाडीनं यायचीस. घामाघूम होऊन यायचीस आणि आल्या आल्या बसायचीस कुत्र्याच्या मागं. कसं सांगायचं? म्हटलं, येईल चार दिवसांत लक्षात."

"पाच महिने?"

"तू लई हुशार हायस म्हणून थांबलो."

मी त्याचा डबा जिन्यावरून खाली फेकणार होते. फेकला नाही, कारण तेवढ्यात तो पुढचं बोलला.

"आता काय उपयोग नाही," तो म्हणाला. "सरांनी माझा राजीनामा लिहून घेतलाय, उद्याच्या तारखेचा. हैदराबादवाल्यांनी विचारलं होतं, कुत्र्याच्या कामाला एवढा उशीर का झाला. सरांनी तुझी यादी जोडलीय पत्राला. एवढे फॉल्ट करणारा माणूस आम्ही काढून टाकला, असं लिहिलंय."

"माझी यादी?"

"तुझीच. लई व्यवस्थित हाय. बघितली मी."

"मग जा आणि सांग सरांना, सगळं मुद्दाम केलं होतं म्हणून!"

"सांगितलं की तू घरी. नाही सांगितलं तर मी घरी." त्यानं डब्याला झाकण लावलं. "मला काय, शेती हाय घरची."

त्याची शेती म्हणजे चार भावांत दीड एकर, हे मला माहीत होतं. सगळ्या ऑफिसाला माहीत होतं.

त्या दिवशी बसमध्ये मी स्वतःशी खूप वाद घातला. चूक त्याची आहे, त्यानं सांगायला पाहिजे होतं. चूक सरांची आहे, असला कसला नियम करायचा. चूक मामांची आहे, शिव्या का द्यायच्या. इचलकरंजी आली तरी मला चौथं कुणी सापडलं नव्हतं. एक गोष्ट मात्र स्वच्छ दिसत होती. सही केली की मी कायम, बसगोंडा घरी, आणि धुरळ्या जन्मभर जावई. आणि हे सगळं माझ्या खडूनं झालं होतं.

शुक्रवारी तीन वाजता सरांनी हमीचं पान माझ्या टेबलावर ठेवलं. शेजारी पेढ्यांचा पुडा होता.

"वैजयंता, इथं सही कर. सहा महिन्यांची वाट नको, सोमवारपासूनच तू कायम. वहीत लिहून टाकलंय मी."

"करते सर. आधी यादीतलं थोडं काम आहे."

मी यादी उघडली. पहिल्या फॉल्टपुढची 'मान्य'ची खूण काढली आणि 'फॉल्ट मागे' असं केलं. खूण काढली की दुरुस्ती खेळातून बाहेर जायची. पण कारण लिहिल्याशिवाय खूण निघत नसे. मी कारण लिहिलं: चूक माझी. दुसऱ्याची खूण काढली. चूक माझी. तिसऱ्याची काढली.

चौथ्या खुणेला सरांच्या लक्षात आलं.

"काय करतेस तू?"

"हे फॉल्ट नव्हतेच, सर. मी खोटे लिहिलेत."

"किती?"

"सगळे."

"डोकं फिरलंय का तुझं? काल चाचणीत एकही तक्रार आली नाही!"

"म्हणूनच, सर. काल एकही शिवी आली नाही. पोवार मामा दळण आणायला गेले. तुम्हाला माहितीये का, लोक कुत्र्याच्या कानांसाठी खेळत नाहीत. कुत्रं त्यांचं ऐकत नाही म्हणून खेळतात."

"हे तुला कुणी सांगितलं? बसगोंडानं? नियम मोडून बोललात तुम्ही?"

"मामांनी सांगितलं. बसगोंडानं पाच महिने तोंड उघडलं नाही, तेवढाच त्याचा गुन्हा." बोलता बोलता माझी बोटं चाललीच होती. चूक माझी, चूक माझी. खरं सांगते, पहिल्या दहा वेळा ते लिहिताना माझा हात जड झाला होता. लहानपणापासून मी हे दोन शब्द कुणाला म्हटले नव्हते. भाऊ सायकलवरून पडला आणि ब्रेक मी मोडला होता, तेव्हासुद्धा नाही. तिसाव्या-चाळिसाव्यापर्यंत मात्र सवय झाली.

आवाज ऐकून बसगोंडा आत आला आणि दाराशीच थबकला.

"तिला थांबव," सर त्याला म्हणाले.

"माझं ऐकतीय व्हय ती?" बसगोंडा म्हणाला. सरळ उभा राहून तो पडद्याकडं बघत होता.

"वैजयंता, तुला कळतंय का?" सरांचा आवाज एकदम खाली आला. माणूस वाईट नव्हता हो. घाबरलेला होता. "तीन खोटे झाले की नियमानं मला तुला काढावं लागतं. तू स्वतःला त्रेसष्ट वेळा काढतेयस."

"तिसऱ्यालाच गेले, सर. पुढचे साठ फुकट."

शेवटच्या फॉल्टची खूण मी काढली, तेव्हा चार वाजायला दहा मिनिटं होती. खेळ पुन्हा बांधायला, म्हणजे सगळं जोडून पाठवण्याजोगा करायला, पाऊण तास लागायचा. बसगोंडानं न विचारता काम सुरू केलं. सर खिडकीशी जाऊन उभे राहिले. पेढ्याच्या पुड्यावर मुंग्या आल्या.

बांधून झालं. मी हमीचं पान पुढं ओढलं. एकही फॉल्ट शिल्लक नाही, असं छापलं होतं. ते आता खरं होतं. मी सही केली आणि पान सरांच्या हातात दिलं.

"आणि सर, हैदराबादच्या पत्राला जोडलेली यादी काढून घ्या. ती यादीच राहिली नाही. राजीनामाही मग कशावर घेणार?"

सरांनी घड्याळ बघितलं. पाचला बारा मिनिटं कमी होती.

"ते नावावरचं तेवढं तरी..." ते म्हणाले.

"परत बांधायला पाऊण तास लागंल सर," बसगोंडा म्हणाला.

सरांनी डोळे मिटले आणि पाठवायचं बटन दाबलं. मग खुर्चीत बसून त्यांनी दोन कामं केली. बसगोंडाचा राजीनामा फाडला आणि मला काढल्याचं पत्र लिहिलं, हातानं, तीन ओळींचं. तिसऱ्या ओळीत 'कामात प्रामाणिक' असं होतं. ते त्यांनी एकदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

बसगोंडा म्हणाला, "सर, ती चालली तर मी बी..."

"गप बस खाली!" मी ओरडले. "तुझ्यासाठी केलेलं नाही हे. आणि तू गेलास तर त्या कुत्र्याला कोण सांभाळणार? मोठा आलाय त्याग करणारा!"

तो बसला. मी पर्स उचलली आणि जिना उतरले.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमच्या डोक्याला घोर नको. तिसरा भाग चालला, चांगला चालला. बसगोंडानं पाचव्या भागापर्यंत कुत्रा सांभाळला, आणि तो भागागणिक जास्तच बिघडत गेला असं ऐकते. वर्षभरानं सरांनी मला निरोप धाडला होता, नियम बदललाय, ये म्हणून. पण तोवर मला पुण्यात काम लागलं होतं. अजून तेच काम करते. लिहायच्या आधी विचारते, एवढाच फरक.

पण हे सगळं नंतरचं. त्या शुक्रवारी मी एसटीत बसले आणि हातकणंगल्यापर्यंत नुसती रडले. शेजारची बाई मला दोनदा पाणी देऊन उतरून गेली. मला नोकरी पाहिजे होती हो. फार पाहिजे होती. मी काही हसत हसत घरी चालले नव्हते.

घरी आई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. माझा चेहरा बघून तिनं परातीतला हात तसाच ठेवला.

"काय झालं?"

"काढलं."

"का?"

"खोटे फॉल्ट लिहिले."

आईच्या तोंडावरचा रंगच गेला. आमच्या घरात चोरी परवडली, पण हे नाही. "किती?"

"त्रेसष्ट."

ती मटकन खाली बसली. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी तिचं लक्ष नव्हतं. मीच उठून गॅस बंद केला.

"कुणाचं नुकसान झालं?"

"होणार होतं एकाचं. झालं नाही. मी सगळे मागं घेतले."

"पकडलं कुणी?"

"मीच."

"तू लिहिलेले तूच पकडलेस? आणि मालकासमोर सांगितलंस?"

"हो. लिहूनही दिलं."

आईनं पदरानं कपाळ पुसलं, गॅस पुन्हा लावला, करपलेली भाकरी बाजूला काढली आणि नवीन थापायला घेतली. मला वाटलं, आता ही माझ्याशी आठवडाभर बोलणार नाही. मी भिंतीला टेकून मान खाली घालून बसले.

"माझे चार आहेत," आई म्हणाली.

"काय चार?"

"बावीस वर्षांत चार खोट्या खुणा केल्या मी. दोन वेळा डोळा लागला होता, एकदा ट्यूबलाइट फडफडत होती. एकदा नुसतं भांडण झालं होतं म्हणून. चौघांची मजुरी कापली गेली. मला दुसऱ्या दिवशी कळलं होतं." ती भाकरीकडं बघत बोलत होती. "कुणाला सांगितलं नाही मी. तुझ्या वडिलांनासुद्धा नाही."

"कुणाची कापली?" मी विचारलं.

"जेव आधी," ती म्हणाली. ताट माझ्यापुढं सरकवलं, भाकरी वाढली, आणि मी पहिला घास घेईपर्यंत चारही विणकरांची नावं तिनं सांगितली, आडनावांसकट.